बोट तुमची, हंडा आमचा

महाबळेश्वर म्हटलं, की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं ते मी इथं बसून सांगू शकते. वेण्णा तलावातली बोट, हातात गरमागरम मक्याचं पॅटिस, घोड्यावर बसायचा मुलांचा हट्ट, बाजारातले चणे, आणि परतताना मांडीवर सांभाळून नेलेली स्ट्रॉबेरीची पेटी. लग्नानंतरचे पहिले चार दिवस इथं काढलेल्याही तुमच्यात कितीतरी असतील. तळ्याकाठचा तो फोटो अजून असेल कपाटातल्या अल्बममध्ये!

मीसुद्धा लग्न होऊनच इथं आले, फक्त चार दिवसांसाठी नाही. त्याला आता बारा वर्षं झाली. सकाळी एका शाळेत अर्धवेळ शिकवते, बाकीचा दिवस घर. घरामागच्या दोन खोल्या आम्ही सीझनमध्ये पाहुण्यांना देतो. नवी नवी आले तेव्हा सासूबाईंनी तळं दाखवलं, आणि बोटींकडे बोट न दाखवता काठच्या दगडांकडे दाखवलं. म्हणाल्या, "हा आपला गावाचा हंडा. हे दगड उघडे पडायला लागले, की घरातली बादली जपून वापरायची."

थंड हवेच्या गावाबद्दल तुम्ही पुष्कळ वाचलं असेल. मला सांगायचं आहे ते या हंड्याबद्दल. सगळ्या महाराष्ट्रात जास्तीत जास्त पाऊस पडणाऱ्या गावांत आमचं गाव मोडतं. वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या वर. आणि तरी एप्रिल-मे आला, की आम्ही बायका पाणी मोजतो. हे असं का?

एक गाव, दोन पेठा

आधी थोडा इतिहास सांगते, बाई आहे ना मी शाळेतली! कंटाळू नका, कारण पाण्याची गोष्ट त्यातच आहे.

महाबळेश्वर खरं म्हणजे दोन आहेत. एक जुनं, म्हणजे क्षेत्र महाबळेश्वर. बाजारपेठेपासून सहा-सात किलोमीटरवर. महाबळेश्वराचं देऊळ, पंचगंगेचं देऊळ आणि कृष्णाबाईचं देऊळ तिथं आहे. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम तिथला मानतात. गोमुखातून पडणारं ते पाणी तुम्ही ओंजळीत घेतलं असेलच. शिवाजी महाराजांनी १६६५ साली सूर्यग्रहणाच्या पर्वावर जिजाऊंची सुवर्णतुला केली ती इथंच. आईला सोन्यानं तोलायला महाराजांनी जागा निवडली ती नद्यांच्या उगमाची. ही गोष्ट वर्गात सांगते तेव्हा मुलींचे चेहरे बघण्यासारखे असतात.

दुसरं महाबळेश्वर म्हणजे तुम्ही उतरता ते, बाजाराचं आणि बंगल्यांचं. ते इंग्रजांनी वसवलं. १८२४ साली लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी हा डोंगर चढून आला आणि इथल्या हवेवर खूश झाला. त्याच्या नावाचा पॉइंट आणि स्तंभ आजही आहे. पुढे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानं १८२८ मध्ये इथं वसाहतीला सुरुवात केली. जागा होती साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची. १८२९ मध्ये वाईकडचं खंडाळा गाव महाराजांना देऊन त्याच्या बदल्यात ही जागा कंपनी सरकारनं घेतली. म्हणजे चक्क अदलाबदल! त्या नव्या वसाहतीचं नाव पडलं माल्कमपेठ. मुंबईच्या उन्हाला कंटाळलेले साहेब आणि त्यांच्या मडमा इथं येऊन राहू लागल्या. पुढं उन्हाळ्यात मुंबई सरकारचा कारभारच इथून चालायचा.

पण साहेब आले तेव्हा डोंगर काही रिकामा नव्हता. इथं देवळाचे पुजारी होते, खाचरं करणारे कुणबी होते, म्हशी राखणारे धनगर होते. जांभ्या दगडातून लोखंड गाळणारे धावड होते. लोखंड गाळायला कोळसा लागे आणि कोळशासाठी झाडं. जंगल राखायचं म्हणून एकोणिसाव्या शतकात सरकारनं त्यांचा धंदाच बंद केला.

आणि एक गोष्ट ऐकून तुम्हांला नवल वाटेल. इथं चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता! साधारण १८३४ पासून पुढे तीस वर्षं. ते कैदी बागा करायचे, बटाटे आणि विलायती भाज्या पिकवायचे, वेताच्या टोपल्या आणि खुर्च्या विणायचे. चायनामन्स फॉल हे धबधब्याचं नाव त्यांच्याच बागांवरून पडलं. परमुलखात, जन्माची माणसं तुटलेली, आणि दुसऱ्यांच्या ताटासाठी भाजी पिकवत होती ती माणसं. त्यांच्या घरच्या बायकांनी किती वर्षं वाट पाहिली असेल, असं माझ्या मनात नेहमी येतं.

तळं बांधलेलं आहे बरं का!

आता तळ्याकडे येऊ. पुष्कळांना वाटतं, वेण्णा तलाव देवानंच करून ठेवला आहे. तसं नाही. वेण्णेचा ओढा अडवून हा तलाव १८४२ साली साताऱ्याचे छत्रपती शहाजीराजे, म्हणजे आप्पासाहेब महाराज, यांनी बांधवला. प्रतापसिंह महाराजांचे हे धाकटे बंधू. तलाव साधारण २८ एकरांचा. बांधला तो पाणी साठवण्यासाठी. होड्या आणि घोडे नंतर आले.

आज महाबळेश्वरचं आणि खाली १९ किलोमीटरवर असलेल्या पाचगणीचंही पिण्याचं पाणी याच तलावातून येतं. तुम्ही हॉटेलात सकाळी पहिला चहा घेता ना, त्यातलं पाणी बहुधा तुम्ही संध्याकाळी ज्यावर होडी वल्हवता तेच असतं.

मग आता २८ एकर म्हणजे किती, ते बघा. १८४२ साली इथं होती थोडी बंगलेवाली मंडळी, त्यांचे नोकरचाकर आणि आसपासच्या वाड्या. आज सुट्टीच्या दिवसांत गाड्यांची रांग तळ्यापासून पार घाटाच्या दिशेनं लागते. हंडा मात्र तेवढाच. उलट दर पावसाळ्यात डोंगराची माती वाहून तळ्यात येते आणि तळाशी बसते. गाळ काढावा लागतो, नाही तर हंडा आतून लहान होत जातो. घरच्या पिंपाच्या तळाशी गाळ बसला की चार कळशांचं पाणी तीन कळशांवर येतं, तसंच.

पाऊस म्हणजे चार महिन्यांचं बाळंतपण

इथला पाऊस तुमच्या पावसासारखा नव्हे. तो वरून पडत नाही, आडवा येतो. भिंतींतून आत शिरतो. म्हणून मे संपायच्या आत घरांच्या पावसाळी अंगाला गवताच्या झडी बांधायची इथली जुनी रीत. दुरून बघितलं तर घरानं इरलं घेतल्यासारखं वाटतं. आता पुष्कळ ठिकाणी गवताऐवजी प्लॅस्टिकचा कागद दिसतो. झटपट होतो, पण घर आतून कोंदटतं, हे मी अनुभवानं सांगते.

सासूबाईंच्या वेळी पावसाळ्यात बाजार जवळजवळ मिटून जायचा. पैसेवाले वाई-साताऱ्याला उतरायचे. राहणाऱ्यांनी मृगाच्या आत बेगमी करायची. डाळी उन्हात तापवून डब्यात, तांदूळ, मीठ, पापड, सरपण, आजारी माणसाची औषधं. आता दुकानं उघडी असतात, भिजायची हौस असलेले पाहुणेही शनिवार-रविवारी येतात. पण दरड कोसळली, की गाव पुन्हा जुन्या काळात जातं. २०२१ च्या जुलैत एका दिवस-रात्रीत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. काही गावांत सबंध वर्षाला एवढा होत नाही! पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाटाचा रस्ता त्या पावसानं तोडला. त्या आठवड्यात ज्यांच्या घरी बेगमी होती त्यांची चूल निवांत पेटली.

आणि दमटपणा! मिठाला पाणी सुटतं, म्हणून बरणीत तांदळाचे चार दाणे टाकायचे. काडेपेटी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची. कातडी चपलांवर आठ दिवसांत हिरवट बुरशी चढते. लहान मुलाचे लंगोट तर चार-चार दिवस वाळत नाहीत. शेगडीवर बांबूचं टोपलं पालथं घालायचं आणि त्यावर कपडे पसरायचे, ही इथल्या घराघरांतली युक्ती. माझा धाकटा ऑगस्टचा आहे. त्या दिवसांत सासूबाई त्या टोपल्यापाशी पहाटेपर्यंत बसून असत. एकीकडे छपरावर पाणी कोसळतंय, आणि आम्ही दोघी एक लंगोट वाळायची वाट बघतोय!

जून-जुलैत कधीतरी तळं काठोकाठ भरून सांडव्यावरून वाहायला लागतं. गावातली माणसं छत्र्या घेऊन बघायला जातात. पाचगणी रस्त्यावर पाणी येतं, गाड्या अडकतात. त्या दिवशी शेजारणी एकमेकींना सांगतात, "भरलं हो तळं!" अगदी घरात बाळंतीण सुखरूप सुटल्याच्या सुरात.

मग पाणी जातं कुठं?

हाच प्रश्न मी एकदा सातवीच्या वर्गात विचारला. एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, पाऊस आपल्याकडे येतो, पण मुक्काम करत नाही." मला तर हे उत्तर पुस्तकातल्यापेक्षा बरं वाटलं.

आमचं गाव साडेचार हजार फुटांवर, डोंगराच्या अगदी माथ्यावर. माथ्यावर पडलेलं पाणी थांबेल कशाला? चारी बाजूंनी उतार. वरचा जांभा दगड सच्छिद्र, त्यातून मुरलेलं पाणी खाली कातळावर येतं आणि कड्याकपारींतून झरे होऊन बाहेर पडतं. बाकीचं तर धबधब्यांनी तासाभरात खाली. नदी उगमापाशी लहानच असते. वेण्णा आमच्याकडे ओढा आहे. साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेला भेटते तेव्हा ती नदी झालेली असते.

एखाद्या स्वच्छ दिवशी केट्स पॉइंटवर उभं राहा. खाली कृष्णेचं खोरं आणि धोम धरणाचं पाणी दिसतं. वेण्णेवर मेढ्याच्या खाली कण्हेर धरण आहे. कोयनेच्या अंगाला तापोळ्यापर्यंत शिवसागर पसरला आहे, आणि त्याच पाण्यावर वीज होते. सावित्री तेवढी कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळते. म्हणजे पाऊस आमच्या डोक्यावर, आणि धरणं भरतात ती खालच्यांची. त्याबद्दल आमची तक्रार नाही. वरच्यानं खालच्याला द्यायचं, ही डोंगराची रीतच आहे. पण म्हणूनच वर जे थोडं राहतं ते जपायला हवं.

ते राहतं कशामुळे? जंगलामुळे. जांभूळ, हिरडा, अंजनी, पिसा अशा झाडांची इथं दाट राई असते. त्यांच्याखाली वर्षानुवर्षांचा पालापाचोळा साठलेला असतो. तो पाऊस शोषून घेतो आणि मग महिनोन्‌महिने थेंब थेंब सोडतो. भिजवलेल्या सुती पंचासारखा. झाडं तोडून, डोंगर कापून इमारत उभी केली, की पाणी त्याच दिवशी घाटाखाली जातं. म्हणून तर केंद्र सरकारनं जानेवारी २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणीचा हा सगळा टापू पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील जाहीर केला, आणि बांधकामांवर बंधनं आली. घर वाढवायचं म्हटलं की आम्हांलाही त्या बंधनांचा काच होतो. घरात चार पैसे यावेत म्हणून वर एक खोली चढवावी असं आमच्या ह्यांच्या मनात फार होतं. ती झाली नाही. तेव्हा वाईट वाटलं. पण अशी एकेक खोली सगळ्यांनीच चढवली, तर त्या खोल्यांच्या नळांना पाणी कुठून येणार?

पाहुणा आला तर चूल, पाहुणा आला तर टंचाई

ही गोष्ट उघड बोलायला इथं कुणी धजत नाही, कारण पाहुणा हाच आमचा अन्नदाता. घोडेवाले, होडीवाले, टॅक्सीवाले, चणेवाले, हॉटेलात भांडी घासणारे, सगळ्यांची वर्षाची कमाई दोन-तीन महिन्यांत. आमच्या मुलांची शाळेची फी मे महिन्यातल्या भाड्यातून जाते. आणि पाण्याची तंगीही नेमकी मे महिन्यातच.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी खालच्या एका वाडीतून चढून येतात. त्यांच्या वाडीचा झरा एप्रिलात बारीक होतो. पहाटे चारला उठून, वाटी-वाटीनं हंडा भरून, मग त्या आमच्याकडे पाहुण्यांची भांडी घासायला येतात. एका मे महिन्यात खोलीतल्या पाहुण्यांनी आंघोळीच्या वेळी नळ तसाच सोडून दिला आणि बाहेर बसून गप्पा मारत राहिले. मावशींनी जाऊन नळ बंद केला. काही बोलल्या नाहीत. नुसत्या माझ्याकडे बघून हसल्या. त्या हसण्याचं काय उत्तर द्यावं?

मी दोन्ही खोल्यांत कागद लावला. 'हे पाणी तळ्याचं आहे. बादली आणि मग वापरावा ही विनंती.' हे म्हणाले, "अगं, पाहुणे पळतील." त्यांचं भय खोटं नव्हतं. एक कुटुंब खरंच दुसऱ्या दिवशी हॉटेलात गेलं. पैसे देऊन वर उपदेश कोण ऐकणार? पण त्याच आठवड्यात सोलापूरकडच्या एक बाई उतरल्या होत्या. त्यांनी कागद वाचला आणि सरळ स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "मला सांगताय होय? आमच्याकडं भाजी धुतलेलं पाणी कुंडीला आणि कुंडीचं उरलेलं अंगणाला." जाताना त्यांनी मावशींना लुगडं दिलं. कागद अजून तिथंच आहे. पाहुणे येतात. तेवढे पळाले नाहीत.

लाल फळ, पांढरं दव

उन्हाळ्यातच यायला हवं असं कुणी सांगितलं? डिसेंबर-जानेवारीत तळ्याच्या आसपास आणि लिंगमळ्याकडे कधी कधी पहाटे इतका गारठा पडतो, की दव गोठून गवतावर पांढरे कण दिसतात. तळं भरलेलं, हवा कोरडी, आणि स्ट्रॉबेरी मळ्यात.

स्ट्रॉबेरीची रोपं पावसाळ्यात वाई बाजूच्या रोपवाटिकांमधून वाढवतात, पाऊस ओसरता ओसरता वर आणून लावतात. फळ थंडीच्या सुरुवातीपासून उन्हाळ्यापर्यंत. वाफ्यावर प्लॅस्टिकचा कागद आणि ठिबकची नळी, त्यामुळे पाणी मोजकं लागतं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. पहाटेच्या थंडीत वाकून फळ खुडणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. पेटी उघडाल तेव्हा त्यांच्या कमरेची आठवण ठेवा.

घरी नेल्यावर फळं लगेच धुऊ नका. ताटात कागद पसरून एका थरात फ्रिजमध्ये ठेवा, खायच्या वेळी धुवा, आणि देठ धुतल्यानंतरच काढा. आधी काढलं तर आत पाणी शिरून फळ पचपचीत होतं. जॅम करायचा तर किलोभर फळाला पाऊण किलो साखर पुरे. लिंबाचा रस मात्र विसरू नका, त्याशिवाय तो नीट धरत नाही.

येणार असाल तर

जरूर या. तुम्ही आला नाहीत तर आमची चूल कशी पेटेल? फक्त एवढं करा. जमलं तर दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत या, गर्दी कमी आणि तळं भरलेलं. सुट्टीमुळे मे महिन्यातच यावं लागलं, तर मुलांना पहिल्याच दिवशी तळ्याकाठी नेऊन सांगा, की आपण हेच पाणी पितो आहोत. मग वेफर्सचा कागद पाण्यात टाकायला त्यांचाच हात धजणार नाही. आंघोळीला बादली घ्या. टॉवेल, चादरी रोज बदलून मागू नका. पाण्याची बाटली घरून आणा आणि तीच पुन्हा भरून घ्या. निदान एक सकाळ पॉइंट सोडून क्षेत्र महाबळेश्वरला जा, कृष्णाबाईच्या देवळात शांत बसा. पाणी कसं जन्माला येतं ते तिथं ऐकू येतं.

आणि होडीत बसाल तेव्हा वल्ही मारता मारता काठाच्या दगडांकडेही एक नजर टाका. पाण्याच्या वर ते किती आलेत, तेवढं बघून ठेवा. आमच्या गावात राहायला आलेल्या प्रत्येक सुनेला पहिल्यांदा तेच शिकवतात.